ट्रॅक्शन कंट्रोलचा लाइट पेटलाय? मॉड्यूल बदलायच्या आधी चाकाकडे बघा

जुलै महिना, बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरत होतो, धुकं आणि पाऊस दोन्ही, आणि केरीच्या थोडं अलीकडे डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलची, घसरत्या गाडीची ती पिवळी खूण पेटली, तिच्या पाठोपाठ एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. गाडी चालत होती, ब्रेक लागत होते, पण खूण काही जाईना. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दाखवली तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं, एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा कंप्युटर, गेलं, 42 हजार. मी गाडी घरी आणली, फोंड्याच्या एका मित्राकडून स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आणला आणि दोन दिवस स्वतः बसलो. शेवटी निघालं काय तर मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर, ज्याच्या खाली गंजाचा थर चढून तो जागेवरून वर उचलला गेला होता. नवा सेन्सर, पॉलिश पेपर आणि अर्धा दिवस, एवढ्यात काम झालं.

म्हणून हे लिहितोय, ज्यांनी गाडीचं काम स्वतः कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी. सगळं तुम्ही स्वतःच केलं पाहिजे असं नाही, पण निदान काय बिघडलंय हे शोधता आलं तर मेस्तकडे, म्हणजे मेकॅनिककडे, जाऊन नेमकं बोलता येतं.

आधी ही सिस्टम करते काय ते समजून घ्या, खूप सोपं आहे. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते कंप्युटरला सांगत राहतो. ओल्या उतारावरून गाडी उचलताना पुढचं एक चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं, म्हणजे ते घसरतंय, मग कंप्युटर इंजिनची ताकद कमी करायला सांगतो किंवा त्या एकाच चाकाला हलका ब्रेक लावतो, आणि बऱ्याचदा दोन्ही करतो. बस. यासाठी वेगळे सेन्सर नसतात, एबीएसचेच वापरतात. एबीएस 1978 साली मर्सिडीजमध्ये आलं, घसरताना गाडी गोल फिरू न देणारी ईएसपी 1995 ला आली, ट्रॅक्शन कंट्रोल मधल्या काळातलं, आणि हे सगळं मुख्यतः एकाच पंपाच्या आणि त्याच चार सेन्सरच्या जोरावर चालतं, फक्त ईएसपीला स्टिअरिंग किती वळलंय वगैरे सांगणारे आणखी सेन्सर लागतात. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत ट्रॅक्शनचं बटण नसलं तरी खालचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

पहिलं काम: लाइट काय सांगतोय ते वाचा

खूण फडफडत असेल, म्हणजे लुकलुकत असेल, तर सिस्टम काम करतेय, बिघाड नाही. चिखलात किंवा शेवाळ धरलेल्या रस्त्यावर एक्सिलेटर दिला की ती लुकलुकणारच, पाय हलका करा एवढाच तिचा अर्थ. खूण सतत पेटून राहिली तर मात्र एकतर बिघाड आहे किंवा कोणीतरी बटण दाबून सिस्टम बंद केलीय. बंद केल्याची खूण वेगळी असते, तिच्याखाली ऑफ लिहिलेलं असतं. डॅशबोर्ड पुसताना ते बटण दाबलं जातं आणि लोक गॅरेज गाठतात, हे मी दोनदा पाहिलंय, म्हणून सगळ्यात आधी ते बटण बघा.

नंतर बघा की सोबत आणखी कुठला लाइट आहे. ट्रॅक्शन आणि एबीएस दोन्ही असतील तर बहुतेक वेळा चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर. ट्रॅक्शनसोबत चेक इंजिनचा लाइट असेल तर चाकांच्या मागे लागू नका, बिघाड इंजिनचा असू शकतो, कारण इंजिनच धड नसेल तर त्याची ताकद कमी करून मागता येत नाही म्हणून कंप्युटर ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवतो. अशा वेळी आधी स्कॅनरने इंजिनचा कोड वाचून तो बिघाड दुरुस्त करा, तो गेला की दुसरी खूण बऱ्याचदा आपोआप जाते. फक्त ट्रॅक्शनची किंवा स्थिरतेची (ईएसपीची) खूण, एबीएसची नाही, आणि नुकतंच अलाइनमेंट केलंय किंवा बॅटरी काढून लावलीय, तर संशय स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरवर.

आणि लाल ब्रेकचा लाइट जर एबीएसच्या लाइटबरोबर पेटला असेल तर थांबा. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइल पुरेसं आहे का ते बघा. ते दोन्ही ठीक असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते, जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी जाते. अशी गाडी चालवत अनमोड काय आणि चोर्ला काय, कुठलाच घाट उतरू नका, उचलून न्या. नुसते पिवळे लाइट असतील तर साधे ब्रेक चालतात, हळू आणि अंतर ठेवून घरी जाता येतं.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

चारही टायरची हवा बघा आणि चारही टायरचा साइज बघा, बाजूला छापलेला असतो. बऱ्याच गाड्यांत हल्ली स्टेपनी लहान साइजची देतात, पंक्चर झालं म्हणून ती लावून कोणी आठवडाभर फिरलं तर ते एक चाक सतत जास्त फिरतंय असंच कंप्युटरला दिसतं आणि लाइट येतो. दोष गाडीत नाही, टायर बदलला की संपलं.

मग बॅटरी. साधा मल्टीमीटर घ्या, रात्रभर उभ्या गाडीला 12.6 वोल्टच्या आसपास पाहिजे, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. बॅटरी मरतुकडी असेल तर स्टार्ट करताना वोल्टेज इतकं खाली जातं की एबीएसचा कंप्युटर तक्रार नोंदवतो, आणि पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं एकदम चालू म्हटल्यावर ते जास्तच होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा हिरवा भुगा जमला असेल तर गरम पाण्याने धुऊन घट्ट करा.

फ्यूज बघताना लक्षात घ्या की एबीएसचे फ्यूज एकापेक्षा जास्त असतात, पंपाच्या मोटरचा वेगळा, वॉल्वचा वेगळा, आणि ते बहुतेक बोनेटखालच्या डब्यात असतात. मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. फ्यूज उडलेला असेल तर त्याच आकड्याचा टाका, मोठा टाकू नका, आणि पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे असं समजा.

मागे कोणालातरी उभं करून ब्रेक दाबा, ब्रेकचे लाइट पेटतात ना? पेडलच्या वरचा तो छोटा स्विच बिघडला की तुम्ही ब्रेक दाबलाय की नाही हे कंप्युटरला कळत नाही आणि तो ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतो. तो स्विच स्वस्त असतो आणि बदलायलाही सोपा.

स्कॅनर

स्टिअरिंगखाली डाव्या किंवा उजव्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं, स्कॅनर तिथे लावतात. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथवाले बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी पासून सुरू होणारे कोड वाचतात आणि एबीएसचे वाचतच नाहीत, मग लोकांना वाटतं की कोड नाही म्हणजे बिघाड नाही. घेताना किंवा मागून आणताना एकच प्रश्न विचारा, माझ्या गाडीचं एबीएस वाचतो का आणि चारही चाकांचा वेग चालू गाडीत दाखवतो का.

चाकांचे कोड सी पासून सुरू होतात. ठरलेल्या कोडांमध्ये सी0035 म्हणजे पुढचं डावं चाक, सी0040 पुढचं उजवं, सी0045 मागचं डावं, सी0050 मागचं उजवं. कंपन्यांचे स्वतःचेही कोड असतात, ते गाडीप्रमाणे बदलतात, तिथे स्कॅनरवरचं वर्णन वाचा. यू0121 असेल तर एबीएसच्या कंप्युटरशी बोलणंच होत नाहीये, म्हणजे आधी त्याचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थची (बॉडीला जोडलेली) वायर बघा.

कोड दिसले की लगेच उडवायचे नाहीत. आधी फोटो काढा. मला हे आधी माहीत नव्हतं आणि मी पहिल्याच दिवशी उडवले, मग कोड परत यायला आणखी साठ किलोमीटर फिरावं लागलं.

आणि एक महत्त्वाचं, कोडमध्ये मागच्या डाव्या सेन्सरचं नाव आलं म्हणजे तो सेन्सरच गेला असं नाही. सेन्सर, त्याची वायर, वायर जोडणारा प्लग म्हणजे कपलर, सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकी रिंग, बेअरिंग, यातलं काहीही असू शकतं. कोड फक्त खोली दाखवतो, चोर तुम्हाला शोधायचाय.

चाकांचा वेग बघत गाडी फिरवा

माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सगळ्यात मोलाची. सोबत कोणालातरी घ्या, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही. मोकळा सरळ रस्ता, रविवारी सकाळी वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले आतले रस्ते बरे असतात. 20 ते 30 च्या वेगाने सरळ जा आणि शेजारच्याने चारही आकडे बघायचे. सगळे एकसारखे असले पाहिजेत, वळणावर थोडा फरक येणारच, बाहेरचं चाक जास्त फिरतं.

एक चाक सतत शून्य दाखवत असेल तर वायर तुटलेली, कपलर निघालेला किंवा सेन्सर मेलेला. एक चाक अधूनमधून शून्याला पडून परत येत असेल तर वायर आतून तुटलेली किंवा कपलरमध्ये गंज, खड्ड्यात आपटल्यावर होत असेल तर खात्रीच समजा. एखादं चाक हळू वेगात गडबडतं आणि जोरात ठीक चालतं, तर सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलंय, म्हणजे माझ्यासारखा गंज. आणि गाडी थांबता थांबता, दहाच्या खाली, कोरड्या रस्त्यावर उगाच पेडल थरथरत असेल आणि करकर आवाज येत असेल तर एका चाकाचा सिग्नल चुकतोय म्हणून एबीएस विनाकारण चालू होतंय, अशा वेळी रिंगला तडा गेलाय का ते आधी बघा. जुन्या पद्धतीचे सेन्सर चारपाच किलोमीटरच्या वेगाखाली काही दाखवतच नाहीत, तो दोष समजू नका.

चाक काढून बघणं

इथे घाई करायची नाही. सपाट पक्की जागा, हँडब्रेक, गियर, उलट्या बाजूच्या चाकाला अडण. मागचं चाक हाताने फिरवून बघायचं असेल तेव्हा हँडब्रेक सोडावा लागतो, मग जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण पाहिजेच. आपल्या अंगणात पावसात जमीन मऊ होते, जॅक खाली रुततो, खाली जाड फळी घाला. आणि कृपा करून गाडी चिऱ्यावर टेकवू नका. गोव्यात प्रत्येक घरामागे चार चिरे पडलेले असतात आणि हाताशी आहे म्हणून लोक तोच लावतात, पण चिरा भार आल्यावर कडेने फुटतो, भिजलेला असेल तर अजूनच. जॅकस्टँड घ्या किंवा कोणाकडून आणा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक निघालं की सेन्सरच्या वायरचा माग काढत जा, हबपासून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागापासून, मडगार्डच्या आत शिरते तिथपर्यंत. जिथे ती शॉकअब्सॉर्बरला क्लिपने बसवलेली असते तिथेच जास्त वाकते आणि तिथेच आतून तुटते, वरून कवच नीट दिसतं. क्लिप निघालेली असेल तर वायर टायरला घासते. मग उंदरांचं काम बघा, पावसात त्यांना कोरडी उबदार जागा पाहिजे असते आणि बोनेटखाली ती मिळते, गाडी आठवडाभर उभी राहिली की वायरवर दात दिसतात. कपलर उघडून आत बघा, हिरवट भुगा असेल तर पाणी शिरलंय. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पिना ढिल्या असतील तर नीट करा, कपलरचं रबर फाटलं असेल तर नुसतं साफ करून उपयोग नाही, दोन महिन्यांत परत तेच.

आता मल्टीमीटर, आणि इथे नवखे लोक हमखास चुकतात. जुने सेन्सर म्हणजे नुसती तारेची गुंडाळी, कपलर काढून त्यांचा ओम, म्हणजे रेझिस्टन्स, मोजता येतो, साधारण हजार ते दोन हजारच्या मध्ये येतो, गाडीप्रमाणे कमीजास्त, म्हणून पलीकडच्या बाजूच्या चाकाचा मोजून ताडून बघा. चाक हाताने फिरवलं तर एसी वोल्टवर थोडा आकडा हलतो. पण हल्लीच्या बहुतेक गाड्यांत आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला सेन्सर असतो, त्याचा ओम मोजून काहीच कळत नाही, उलट खराब व्हायची भीती. दोन्हींना दोनच वायरी असतात त्यामुळे बघून फरक कळत नाही. खात्री नसेल तर ओम मोजू नका. त्याऐवजी कपलर काढा, चावी ऑन करा आणि गाडीकडून येणाऱ्या बाजूला लगेच वोल्ट बघा, बऱ्याच गाड्यांत 12 च्या आसपास मिळतात. लगेच एवढ्यासाठी की काही गाड्यांत सेन्सर सापडला नाही की कंप्युटर सप्लायच तोडतो. सप्लाय येतोय, वायर धड आहे, तरी लाइव्ह आकडा शून्य, तर सेन्सर किंवा रिंग.

सेन्सर बाहेर काढणं

बऱ्याच गाड्यांत एकच बोल्ट असतो, दहाच्या पान्याचा. समुद्राजवळच्या गाड्यांत तो आणि सेन्सर दोन्ही घट्ट धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. सेन्सर पक्कडीत धरून पिरगाळू नका, प्लास्टिक तुटतं आणि अर्धा तुकडा भोकात राहतो, मग हब काढावा लागतो. हळूहळू डावीकडे उजवीकडे हलवत वर आणा.

बाहेर आला की टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलाय का बघा, जुन्या सेन्सरच्या टोकाला चुंबक असतं, ते ब्रेकची सगळी धूळ ओढतं. कपड्याने पुसा. मग भोकाकडे आणि सेन्सर टेकतो त्या जागेकडे बघा. खारी हवा आणि तांबडा चिखल मिळून तिथे पापुद्रे सुटतात, गंज फुगतो आणि सेन्सरला वर ढकलतो. रिंग आणि सेन्सरमध्ये जेमतेम एक मिलिमीटरचं अंतर असतं, तिथे अर्धा मिलिमीटर वाढला तरी सिग्नल कमजोर होतो. पॉलिश पेपर किंवा छोट्या वायरब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करा, भुगा आत रिंगवर पडू देऊ नका, आधी कपडा कोंबा आणि नंतर आठवणीने काढा. सेन्सरचं टोक मात्र घासायचं नाही. परत बसवताना भोकाच्या आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, तांब्याची पूड असलेलं ग्रीस इथे नको. हाताने दाबून पूर्ण खाली बसला पाहिजे, बोल्टने ओढून बसवला तर सेन्सरचा बोल्ट बसतो तो कान तुटतो.

भोकातून टॉर्च मारून रिंग बघा. दातेरी असेल तर चाक हळू फिरवत सगळे दाते तपासा, ड्राइव्ह शाफ्टवर बसवलेली रिंग गंजून फुगते आणि एका जागी चिरते, तो तडा केसासारखा बारीक असतो. चुंबकी रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते आणि डोळ्यांना साधी काळी पट्टी दिसते. कोणी हल्लीच बेअरिंग बदललं असेल आणि त्यानंतर लाइट आला असेल तर ते उलटं बसवलं असण्याची शक्यता मोठी, चुंबकी बाजू सेन्सरकडेच पाहिजे. बेअरिंगला खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे का तेही चाक वरखाली धरून हलवून बघा, खेळ असला तर अंतर सतत बदलतं आणि सेन्सर कितीही बदला, लाइट येतच राहतो.

वायर हबजवळ तुटलेली असेल तर जोड देत बसू नका, तिथे ती सतत वाकते, जोड टिकत नाही, सेन्सर वायरीसकट येतो तोच घ्या.

चाकं सगळी ठीक निघाली तर

स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरवर बघा, स्टिअरिंग सरळ असताना शून्याच्या जवळ पाहिजे. काही गाड्यांत इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं की तो स्वतः शिकतो, काहींना स्कॅनरनेच शिकवावं लागतं. स्टिअरिंगमागचं काम, म्हणजे एअरबॅगच्या शेजारचं, स्वतः करू नका.

मॉड्यूलचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याआधी त्याचा सप्लाय आणि अर्थची वायर कसून तपासून घ्या, अर्थचा बोल्ट बॉडीला बसतो तिथे गंज धरला की मॉड्यूल मेल्यासारखंच वागतं. खरंच गेलं असेल तर दुरुस्त करून देणारे लोक आहेत, नवीनच घ्यायला पाहिजे असं नाही. ब्रेकचे पाइप मात्र घरी उघडू नका, हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला स्कॅनरने पंप चालवावा लागतो.

झाल्यावर

कोड उडवा, परत त्याच रस्त्यावर चारही आकडे बघत फिरवा. काही गाड्यांत लाइट लगेच जात नाही, वीस तीस किलोमीटरच्या वेगाने थोडं गेल्यावर विझतो. ट्रॅक्शन खरंच काम करतंय का बघायला एखाद्या मोकळ्या ओल्या गवताच्या मैदानात हळू उभ्यावरून एक्सिलेटर द्या, खूण लुकलुकली आणि चाक आवरलं गेलं तर झालं. यासाठी समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका, गोव्यात ते बेकायदेशीर आहे, आणि मऊ वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापत राहतं त्यामुळे गाडी अजूनच रुतते. रोजच्या वाटेवर चिखलात अडकलात तर मात्र बाहेर पडेपर्यंत बटण दाबून ते बंद करायला हरकत नाही, पक्क्या रस्त्यावर आलात की परत चालू करा.

दिवाडीला किंवा कुठेही फेरीबोटीने रोज जाणारे असाल, तर धक्क्यावर खारं पाणी चाकांना लागतंच. आठवड्यातून एकदा साध्या नळाच्या पाण्याने चाकांच्या आतून, मडगार्डखालून धुवा. प्रेशर वॉशरची धार थेट कपलरवर नको. आणि पाऊस संपला की, चवथीनंतर केव्हातरी, चाकं काढून चारही सेन्सर एकदा बघून घ्या. मी आता तसंच करतो, मागच्या वेळी उजव्या बाजूलाही गंज सुरू झालेला सापडला, लाइट पेटायच्या आधीच.